चेंडू बाहेर जाईपर्यंत

परवा सकाळी आठला कारखान्याचा भोंगा झाला आणि मी हातातली कपबशी खाली ठेवली. यंदाचा हंगाम सुरू झाला म्हणायचा. आमच्या घरापासून कारखाना चांगला दोन मैल लांब, पण कार्तिकातल्या कोरड्या हवेत भोंगा अगदी परसदारी वाजल्यासारखा येतो. सून म्हणाली, आता चार-पाच महिने तुम्हाला घड्याळ नको. ती चांगल्या मनानंच म्हणाली. पण मी चौतीस वर्षं त्या कारखान्याचा टाइमकीपर होतो, त्यातली बरीच वर्षं तो भोंगा माझ्या बोटावर वाजत होता. रिटायर होऊन वीस-बावीस वर्षं झाली तरी तो वाजला की माझी नजर मनगटाकडं जाते. परवाही गेली. बरोबर आठ होते. आता तो विजेवर चालतो, यंत्रात वेळ लावून ठेवतात आणि तो आपला आपण वाजतो, असं ऐकतो.

हंगामाचे वास मात्र तेच आहेत. मळीचा आंबूस वास संध्याकाळी गावावर उतरतो, रस्त्याच्या कडेला पाचट साठतं, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी वाजवत जातात आणि घरातली भांडी थरथरतात. या दिवसांत लोकांना गुऱ्हाळं आठवतात, काकवी आठवते, कुणाकुणाची लग्नं आठवतात. मला फुटबॉल आठवतो. बायको होती तोवर याला हसायची. एका मॅचच्या दिवशी तिनं मला मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला, साखर कारखान्याच्या माणसाला, आणि मी तो पिऊन वर “छान झालाय” म्हणालो. हा किस्सा तिनं शेवटपर्यंत आल्यागेल्या पाहुण्यांना सांगितला. मी तेव्हा फुटबॉलचा खरोखरच वेडा होतो, आणि गंमत म्हणजे आयुष्यात एकदाही चेंडूला पाय लावलेला नव्हता.

आमच्या उसाच्या मुलखात फुटबॉल आला तो चेअरमनसाहेबांच्या डोक्यातून. ते एकदा नगरला गेले होते, तिथं कॅम्पात लष्करातल्या जवानांची मॅच बघून आले आणि त्यांच्या मनानं घेतलं. कुस्त्या सगळेच भरवतात, कबड्डीचा संघ शेजारच्या कारखान्यानं केला होता, तर आपला फुटबॉल पाहिजे. पुढच्या हंगामात नगरच्या गल्ल्यांमधून सात खेळाडू आले. कागदोपत्री कुणी ऑइलमन, कुणी ओझी उचलणारा खलाशी, कुणी वजनकाट्यावर मदतनीस, पण त्यांना पगार कशासाठी मिळतो हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. उरलेले चार आमच्यातलेच. त्यातला सोपान कॅप्टन. देवळाली प्रवऱ्याचा, वर्कशॉपात फिटर, आणि डाव्या पायात अशी ताकद की त्याचा चेंडू चुकून गाडीतळावर गेला तर रवंथ करत बसलेले बैल उठून उभे राहायचे.

मैदान म्हणजे या गाडीतळाला लागून असलेलं काळ्या मातीचं पटांगण. ऊस रिकामा व्हायची वाट बघत गाडीवान आपापल्या गाड्यांवर बसून, कांडं सोलत खेळ बघायचे. नियमांचा त्यांना पत्ता नव्हता. चेंडूला हात लागला की शिट्टी होते, हे सोपाननं एका म्हाताऱ्या गाडीवानाला बराच वेळ समजावून सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग सगळ्यांचे हात बांधूनच का खेळत नाही. मला अजूनही ही सूचना वाईट वाटत नाही.

नगरच्या सात जणांमध्ये रशीद होता. वय चोवीस-पंचवीस, उंचीनं बेताचा, खांद्यात रुंद. तो बॅक खेळायचा, म्हणजे आपल्या गोलाच्या राखणीला. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन धावत आला की दुसरे बॅक त्याच्या अंगावर जातात. रशीद मागं मागं सरकत राहायचा. समोरच्याला वाटायचं, वाट मोकळी आहे. तो पाय उचलायचा आणि तेवढ्यात चेंडू रशीदकडं असायचा. मी हे शंभरदा बघितलं असेल, पण चेंडू नेमका कोणत्या क्षणी गेला ते मला एकदाही दिसलं नाही. मिलवर तो ऑइलमन होता. तिथलं कामही तसंच, गडबड नाही, बोलणं नाही, तेलाचा डबा घेऊन फिरत राहायचा.

तो हंगामी होता. साखर कारखान्यात माणसांच्या दोन जाती, कायम आणि हंगामी. हंगामी माणूस बराकीत झोपतो आणि गाळप संपलं की ट्रंक उचलून घरी जातो. कायम माणसाला कॉलनीत दोन खोल्या मिळतात. रशीदचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, बायको शमीम नगरला तिच्या आईकडं, आणि यांचा संसार आठवड्याच्या सुट्टीपुरता. कॉलनीच्या शेवटच्या खोल्या तेव्हा रिकाम्या होत्या. त्यांच्यापुढं कुणीतरी लावलेलं पेरूचं झाड होतं. रशीद पाळीवर जाताना त्या झाडाला बादलीभर पाणी घालायचा, आळं नीट करायचा. झाड त्याचं नव्हतं, खोल्याही नव्हत्या. लोक चिडवायचे, पण तो ओशाळला नाही कधी.

आता माझ्या लबाडीकडं येतो.

आमच्याकडं पाळ्या बदलायच्या आठ, चार आणि बाराला. खेळाडूंना रोज तीनला सोडत, एक तास सराव, आणि चारचा भोंगा झाला की चार ते बाराच्या पाळीतले निम्मे खेळाडू ओल्या बनियनवरच गेटात पळायचे. भोंगा वाफेचा होता. टाइम ऑफिसात माझ्या टेबलाशी एक बटण होतं. ते दाबलं की बॉयलरवर घंटी होई, आणि घंटी ऐकली की तिथला माणूस भोंग्याची साखळी ओढी. माझ्या खिडकीतून सगळं मैदान दिसायचं. पहिल्याच हंगामात एक दिवस चार वाजले, माझं बोट बटणावर होतं, आणि सोपान चेंडू घेऊन गोलापाशी पोचला होता. मी थांबलो. चेंडू गोलावरून बैलांमध्ये गेला, मग मी बटण दाबलं. पाऊण मिनिटाचा उशीर. कुणाचं काय बिघडलं, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक मिनिट झालं. मग तो शिरस्ताच पडला. चेंडू मैदानाबाहेर गेल्याशिवाय चारचा भोंगा नाही. कधी दोन मिनिटं, एकदा तर चार. आठच्या पाळीची शेकडो माणसं माझ्या फुटबॉलपायी मिलच्या उष्म्यात तेवढी मिनिटं जास्त राबत होती, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. कामगाराला मिनिटभर उशीर झाला तर त्याच्या कार्डावर तांबडी रेघ मारणारा माणूस मी. कुणी मला विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की भोंगा घड्याळाप्रमाणे वाजतो. आणि खरं सांगायचं तर त्या मिनिटा-दोन मिनिटांत मला जो आनंद व्हायचा तसा पुढं कशातच झाला नाही. खाली अकरा माणसं जीव तोडून खेळताहेत आणि त्यांचा डाव पुरा होईस्तोवर मी वेळ धरून ठेवलीय. मोठा माणूस झाल्यासारखं वाटायचं.

मी हे कुणाला बोललो नाही. टाइमकीपर वेळ चोरतो हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. पण न बोलता त्या खेळाडूंच्या कानांना एक सवय लागली. भोंगा झाला म्हणजे चेंडू बाहेर गेलेला असणार, खेळ थांबलेला असणार. भोंगा झाला की ते मान वर न करता जागच्या जागी उभे राहायचे, कंबरेवर हात ठेवायचे, बनियनला तोंड पुसायचे आणि गेटाकडं वळायचे. तीन हंगाम हे असं रोज चाललं होतं.

मग बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. त्या वर्षाबद्दल इतकं बोललं गेलंय की मी नव्यानं काय सांगणार. कालव्याला पाणी नव्हतं, उभा ऊस वाळला, पुष्कळसा वैरणीला गेला. एरवी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालणारं गाळप माघातच आटोपलं. बॉयलर थंड झाला आणि वाफ नाही म्हणून भोंगाही बंद झाला. हे बंद पडणं सगळ्यांना फार विचित्र गेलं. बायकांना भाकरी टाकायची वेळ कळेना, माणसं उगीच गेटापर्यंत येऊन परत जायची. मी बटणासमोर बसून असायचो. खेळाडूंना बक्षिसाच्या मॅचसाठी थांबवून घेतलं होतं, पण आता त्यांना थांबवणारं काही उरलं नव्हतं. तीनला सुरू झालेला सराव चेंडू दिसेनासा होईपर्यंत चालायचा.

त्या मॅचवर फार काही अवलंबून होतं. पुणतांब्याच्या पलीकडं गोदावरीच्या अंगाला एक कारखाना होता, त्याचं नाव कशाला सांगू. त्यांनी कारखान्यांचे सामने भरवले होते आणि आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो होतो. कारखान्यात कुजबुज होती की पुढच्या हंगामात हंगामी माणसं कमी करणार, खेळाडू तर आधी. नगरच्या सातांतले दोघं पूर्वीच कायम झाले होते, उरले पाच. चेअरमनसाहेबांनी पाचही जणांना ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की चषक आणा, तुम्हाला कायम करतो. बाहेर आल्यावर बाकीचे चौघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. रशीद सरळ माझ्याकडं आला आणि कॉलनीतल्या खोल्या नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळतात की अर्जाप्रमाणे, असं विचारू लागला. मी म्हणालो, अर्ज मीच लिहून देतो.

खेळाडू परगावी गेले तरी ते कामावरच समजले जात, त्यामुळं त्यांची हजेरी मांडायला एक माणूस लागायचा. हे काम मी लेबर ऑफिसरांच्या मागं लागून मिळवलं. कारखान्याचा ट्रक होता. मागं रिकाम्या साखरेच्या पोत्यांच्या थप्प्या घालून बसायची सोय केली होती. लेबर ऑफिसर पुढं ड्रायव्हरजवळ आणि आम्ही सगळे मागं. त्या दिवशी मी नवी पँट घातली होती आणि पोत्यांचे तागाचे धागे सगळे तिला चिकटले. अंगावर एकसारखे निळे बनियन घातलेले ते अकरा जण आणि मधे हजेरीचं पुस्तक छातीशी धरलेला मी. इतका खूश मी माझ्या लग्नात नव्हतो.

बेलापूर मागं पडल्यावर ट्रक थांबला. रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं आणि खडीचा ढीग अर्ध्या रस्त्यात आला होता. दोन्ही अंगांना बायका-माणसं खडी फोडत होती, पलीकडं बाभळीखाली सुकडीचं वाटप चाललं होतं. सगळ्यांचे चेहरे, पापण्यासुद्धा धुळीनं पांढऱ्या. आमच्या निळ्या बनियनांकडं सगळे बघू लागले आणि माझी ती खुशी जरा बसली. एक पन्नाशीची बाई हातोडी खाली ठेवून ट्रकजवळ आली आणि ही वरात कुठं निघाली, असं विचारलं. सोपाननं सांगितलं, आम्ही चेंडू खेळायला चाललोय. तिला ते खरं वाटेना.

“आन् त्याच्यावर प्वाट भरतं?” ती म्हणाली.

सोपानला हसू आलं. रशीद हसला नाही. तो म्हणाला, “भरंल मावशी. आज जिकलो तर भरंल.”

“मंग जिका की. हितं कशापायी थांबलाय?”

आम्ही थांबलो होतो तिच्याच ढिगापायी. पण तसं कुणी म्हणालं नाही. रशीद आधी उतरला, मग सगळे उतरले आणि हातांनी, घमेल्यांनी ती खडी बाजूला केली. ट्रक सुटला तेव्हा ती पुन्हा खाली बसून हातोडी मारायला लागली होती.  रशीदच्या बोटाला खडी लागून रक्त आलं होतं, ते तो तोंडात धरून बसला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून त्या पेरूच्या झाडाचा विषय काढला. तो म्हणाला, शमीमला पेरू मुळीच आवडत नाहीत, बिया दातांत अडकतात म्हणते. मग पाणी कशाला घालतोस, असं मी विचारल्यावर तो म्हणाला, तिथं उभं राहायला काहीतरी कारण पाहिजे ना, भाऊसाहेब.

त्यांचा कारखाना अजून चालू होता. लांबून धुराडं दिसलं, मग मळीचा वास आला आणि ट्रकमधल्या सगळ्यांनी, मीसुद्धा, नाक वर करून तो वास घेतला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो वास येत होता. मैदानावर ही गर्दी. पावणेतीनला मॅच सुरू झाली, कारण बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांना पुढं दुसरीकडं सत्कार होता. ऊन अजून चांगलं तापलेलं होतं.

खेळाचं वर्णन मी फार करत नाही, मला ते जमत नाही. त्यांनी लवकर एक गोल केला. हाफटाइमच्या थोडं आधी सोपाननं तो फेडला. दुसऱ्या डावात चेंडू जास्त करून आमच्याच अंगाला होता, आणि रशीद असा खेळला की त्यांचे लोकही त्याच्या नावानं ओरडायला लागले. नाव माहीत नव्हतं म्हणून ‘ए निळ्या’ म्हणत होते, पण तिथं तर सगळेच निळे. मी रेषेबाहेर उभा होतो. एका हातात हजेरीचं पुस्तक, दुसऱ्या मनगटावर घड्याळ, आणि घड्याळावरून माझी नजर हलत नव्हती. चारला दोन मिनिटं कमी. मी हिशेब केला की मॅचची सात मिनिटं उरली. ज्याचा धंदाच वेळ बघायचा, त्याला तेवढंच सुचलं. चार वाजले की चालू कारखान्यात काय होतं, ते मला सुचलं नाही.

त्यांचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारा मधला गडी, चेंडू घेऊन निघाला. पुढं एकटा रशीद. नेहमीसारखा तो मागं सरकायला लागला, एक पाऊल, दोन पावलं, आणि मला समाधान वाटलं, कारण पुढं काय होणार हे मला माहीत होतं. आणि भोंगा झाला. आमच्या भोंग्याहून थोडा बारीक, पण वाफेचाच, लांबच लांब.

रशीद थांबला. त्यानं कंबरेवर हात ठेवले.

तो एकटाच थांबला असं नाही. मधोमध सोपान थांबला होता, त्याचा हात बनियनच्या टोकाकडं गेला होता. आमचा गोलकीपर वाकला होता तो सरळ झाला. आमचे सगळेच थबकले होते, पण चेंडूजवळ फक्त रशीद होता. त्यांच्या सेंटरलाही क्षणभर कळलं नाही. तो रशीदकडं बघत राहिला. मग त्यानं चेंडू हळूच, जवळजवळ भीत भीत, रशीदच्या बाजूनं गोलात सारला. भोंगा संपला तेव्हा चेंडू जाळीत होता आणि सगळं मैदान हसत होतं. रशीदनं गोलाकडं बघितलं, मग धुराड्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही बघितलं.  हे मी केलं होतं. इतक्या मैलांवरून, तीन हंगाम माझ्या खिडकीत बसून.

उरलेल्या मिनिटांत काही झालं नाही. आम्ही हरलो.

ट्रकजवळ लेबर ऑफिसरांनी सगळ्यांदेखत रशीदला विचारलं, थांबलास का. तो म्हणाला, “चूक झाली, साहेब.” त्यांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. आमच्यातलाच एक खेळाडू पुटपुटला, नगरची माणसं ही, यांना कारखान्याचं काय. सोपाननं त्याला दटावलं, पण स्वतः सोपानही पुढं काही बोलला नाही. आपण का थांबलो हे त्यांना सांगता आलं असतं का, मला कळत नाही. सवय अंगात इतकी मुरलेली असते की तिचं कारण विचारलं तर माणूस गोंधळतो. मला मात्र कारण ठाऊक होतं. साहेब माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. एक वाक्य पुरलं असतं. मला भीती वाटली. तिला दुसरं चांगलं नाव नाही. घरी बायको, दोन लहान मुली, पाळण्यातला मुलगा, दुष्काळाचं साल, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या खडी फोडणाऱ्या बाईच्या पांढऱ्या पापण्या. मी पुस्तक उघडलं आणि अकरा जणांची हजेरी मांडली.

दोन दिवसांनी माझ्याकडं लेखी अहवाल मागितला. हजेरीचं पुस्तक माझ्याकडं होतं ना. मी अख्खी दुपार बसून दोन ओळी लिहिल्या. चार वाजता तेथील कारखान्याचा भोंगा झाला. त्या वेळी बॅक रशीद हा खेळ थांबवून उभा राहिला व प्रतिपक्षाने गोल केला. यातला शब्दन् शब्द खरा होता. बाकीचेही थांबले होते, हे मी लिहिलं नाही. का थांबले, हे तर नाहीच. चेअरमनसाहेब मनानं वाईट नव्हते. पोरं शेवटपर्यंत पोचली, हेही काही कमी नाही, असं म्हणून त्यांनी हरल्यावरसुद्धा चौघांना कायम केलं. पाचव्याच्या नावापुढं अहवालाचा उल्लेख होता.

रशीद बिल्ला परत द्यायला आला तो दिवस मला नको तितका स्पष्ट आठवतो. दुपारची वेळ, गाळप बंद, ऑफिसात मी एकटा. त्यानं ट्रंक दाराबाहेर ठेवली, नंबर कोरलेला पितळी बिल्ला खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी पावतीवर सही घेतली. तो जाईना. टेबलाला वळसा घालून खिडकीशी आला आणि मैदानाकडं बघत उभा राहिला. तो या खिडकीत पहिल्यांदाच आला होता.

“हितनं गोल चांगला दिसतो,” तो म्हणाला.

मी पावतीची घडी घालून खणात ठेवली.

“तुमी चेंडू भाईर जायची वाट बघायचा. मला पयल्या हंगामापास्नं ठाऊक हुतं, भाऊसाहेब. बाकीच्यांना न्हाई, पन मी बॅक. माझ्याकडं चेंडू नसला की मी हिकडंच बघायचो. तुमचा हात दिसायचा.”

 मी विचारलं, मग तू साहेबांना सांगितलं का नाहीस. माझं नाव घेतलं असतंस तर तुझी नोकरी राहिली असती. त्यानं खांदे उडवले. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

“सांगितलं असतं तर तुमी गेला असता,” तो म्हणाला. “आन् दुसरा जो कुनी हितं बसला असता, तो कशाला थांबतोय आमच्यासाठी? पोरं अजून खेळनार हायेत ना.”

मग त्यानं बटणाकडं एकदा बघितलं, मला सलाम केला, दाराबाहेरची ट्रंक खांद्यावर घेतली आणि गेला. स्टेशनाकडं जायचा रस्ता कॉलनीवरून होता. मी खिडकीतून हललो नाही.

पुढं तो नगरला एका गॅरेजात लागला असं कानावर आलं. शमीमला मुलगा झाला, हेही कुणीतरी सांगितलं. नगरला माझं जाणं-येणं असायचं, कोर्टात, दवाखान्यात, मुलींच्या स्थळांसाठी. गॅरेज कुठल्या रस्त्याला आहे ते मी विचारून ठेवलं होतं, त्या रस्त्यानं जायचं टाळता यावं म्हणून.

त्र्याहत्तरला पाऊस चांगला झाला. कालव्याला पाणी आलं, दिवाळीनंतर बॉयलर पेटला, भोंगा वाजायला लागला आणि खेळाडू पुन्हा तीनला मैदानावर उतरले. रशीदच्या जागी नवा पोरगा होता. पहिल्या दिवशी चार वाजले तेव्हा चेंडू सोपानच्या पायात होता, गोल समोर होता आणि तो पाय उचलत होता. माझं बोट बटणावर होतं. मला रशीदचे शब्द आठवत होते. त्याचबरोबर लेबर ऑफिसरांचा आवाज आठवत होता, माझ्या दोन ओळी आठवत होत्या, आणि आणखी कुणी खालून माझा हात बघत असेल का, हेही मनात आलं. मी घड्याळ बघितलं आणि बटण दाबलं. सोपान पाय उचललेला तसाच थांबला. त्यानं वळून खिडकीकडं बघितलं. त्याला काही कळलं की नाही, मला माहीत नाही, पण पुढं त्यानं इकडं कधी बघितलं नाही. दोन-तीन हंगामांत तो संघ मोडला. का मोडला, ते कुणी विचारलं नाही.

मी रिटायर झालो तेव्हा कारखान्यानं मोठा कार्यक्रम केला. भाषणात साहेब म्हणाले, यांच्या हातून इतक्या वर्षांत भोंग्याला कधी सेकंदाचा उशीर झाला नाही. खूप टाळ्या झाल्या. दुसऱ्या रांगेत सोपान बसला होता, मिशा पिकलेल्या. त्यानं टाळ्या वाजवल्या का, मी बघितलं नाही, मला तिकडं बघवेना. मी तर हार घालून मान खाली घालून बसलो होतो आणि लोकांना वाटलं, मला भरून आलंय. रशीद हातची नोकरी घालवून गप्प राहिला, ते मी त्या पोरांसाठी थांबत राहावं म्हणून. मी पुन्हा एकदाही थांबलो नाही.